लालवानी साहेबांनी तीनदा विचारलं

"अनुमोदन कौन देगा? अरे, बोला ना पटकन! झोपले काय सगळे?"

सभा चालवणारे आमचे मावळते अध्यक्ष लालवानी साहेब ओरडत होते. नुसते ओरडत नव्हते, तर उल्हासनगर कॅम्प एकमधल्या त्या हॉलचे पत्रे थरथरत होते आणि समोरच्या कापडाच्या दुकानातलं गिऱ्हाईक घासाघीस अर्धी टाकून बघायला बाहेर आलं होतं. झालं, लागलीच सुरू झालं माझं! गिऱ्हाईक बाहेर आलं नव्हतं. हॉलला पत्रेही नव्हते, स्लॅब होता. पण साहेब ओरडत होते हे खरं. आणि त्यांना उत्तर मी द्यायचं होतं — हेही खरं.

हा प्रसंग मी इतक्या वेळा सांगितलाय, की त्याला आता चाल लागलीय. लग्नाच्या पंगतीत सांगितला, साइटवर सांगितला, नगरपालिकेत फाईल पुढे सरकेना तेव्हा साहेबाच्या केबिनबाहेर बाकावर बसून सांगितला. जसा सांगितला, तसा तो घडला नव्हता. जसा घडला, तसा आजवर कुणाला सांगितलेला नाही. बायकोलासुद्धा नाही. मग तुम्हालाच का? काय माहीत. दमलोय बहुतेक. एकच थाप वर्षानुवर्षं रंगवत बसायचं म्हणजे जुन्या भिंतीला दर दिवाळीला चुना मारण्यासारखं आहे — आत ओल आहे हे मारणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

तर ऐका. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर अशा तीन गावांच्या आर्किटेक्ट लोकांची मिळून आमची एक संघटना होती. अध्यक्षाला पगार नाही, भत्ता नाही, पेट्रोल स्वतःचं. तरी ते पद प्रत्येकाला हवं असायचं आणि ते हवंय असं कुणी म्हणायचं नाही. ती रीतच होती आमच्याकडे. मतदान वगैरे भानगड नाही. आधी चहावर सगळं ठरायचं. मग सभेत एकाने नाव सुचवायचं, दुसऱ्याने उठून अनुमोदन द्यायचं. ज्याचं नाव आलं त्याने "मी? छे हो, मला कुठे वेळ आहे!" असं दोनदा म्हणायचं, तिसऱ्यांदा हात जोडून उठायचं, की टाळ्या. अनुमोदन कोण देणार हे सगळ्यांना आधीच माहीत असायचं, त्यामुळे दुसरा कुणी मध्ये तोंड घालत नसे. तो त्या माणसाचा मान. आणि तीनदा विचारून अनुमोदन आलं नाही, तर नाव पडलं.

त्या वर्षी नाव होतं सुरेश गायकवाडचं. अनुमोदन होतं माझं.

सुरेश आणि मी अंबरनाथला एकाच ऑफिसात बसायचो. रेषा त्याच्या, तोंड माझं. पार्टी आली की मी तिला बोलून बोलून अर्धमेली करायचो, तेवढ्यात तो प्लॅन काढून मोकळा. संघटनेचा सेक्रेटरीही तोच, किती वर्षं ते मलाही आठवत नाही. सभेची पत्रं त्याने टाईप करायची, हॉल त्याने ठरवायचा, हार त्याने आणायचा — आणि तो हार दरवेळी दुसऱ्याच्या गळ्यात जायचा. त्याने कधी काही मागितलं नाही. आणि एके दिवशी मागितलं.

त्याला अध्यक्ष का व्हायचं होतं? मिरवायला नव्हे, ते माझं खातं. तेव्हा आमच्यातले कित्येक जण घरी बसून बिल्डिंग पूर्ण झाल्याचे दाखले सही करून द्यायचे. कॅम्पात मजल्यावर मजले चढत होते आणि सही करणाऱ्याने त्या बिल्डिंगचा जिनासुद्धा पाहिलेला नसायचा. सुरेशला एकच नियम करायचा होता. साइट डोळ्यांनी पाहिल्याशिवाय संघटनेच्या मेंबरने सही करायची नाही. तो मला म्हणाला होता, "सेक्रेटरी बोलला की लोक चहा पितात रे. अध्यक्ष बोलला की निदान कप खाली ठेवतात. अनुमोदन तू दे. तुझा आवाज हॉलभर जातो."

"हॉलभर? अरे, कल्याणपर्यंत जाईल!" मी म्हणालो. असं म्हणालो होतो मी.

सभेच्या दिवशी, रविवारी सकाळी, सुरेशचे वडील आले होते. कारखान्यातून रिटायर झालेले, शेवटच्या रांगेत, इस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर हात ठेवून बसलेले. मेंबर नव्हते, पण सुरेशने विचारून त्यांना आणलं होतं. छप्पन साली दीक्षा घेतलेलं ते घर. त्या घरातला पोरगा आज या सगळ्यांचा अध्यक्ष होणार, हे त्यांना स्वतः बघायचं होतं. दुसरं काय असणार?

नाश्त्याला सिंधी दालपकवान होतं, म्हणजे डाळ आणि सोबत कडक तळलेली पुरी, तेच पकवान. सगळ्यांच्या हातात प्लेटा. बदलापूरचे म्हात्रे उठले, त्यांनी ठरल्याप्रमाणे नाव सुचवलं — सुरेश गायकवाड. मी प्लेट खाली ठेवायला वाकलो. आणि माझ्या शेजारी बसलेले परुळेकर, माझ्याकडे न बघता, अगदी हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसे म्हणाले, "सेक्रेटरी म्हणून सोन्यासारखा माणूस आहे हो. पण अध्यक्ष म्हणजे..."

एवढंच. पुढे बोललेच नाहीत. डाळीत पकवान बुडवून खायला लागले.

त्यांचं ते वाक्य कुणी पूर्ण केलं? मी केलं. मनातल्या मनात, विनासायास, एकाही शब्दाला न अडखळता. मी — जो सुरेशच्या डब्यातली भाकरी न विचारता उचलायचा आणि 'आम्ही असलं काही मानत नाही' असं चारचौघांत छाती ठोकून सांगायचा! ते वाक्य माझ्या आत तयारच होतं. आणि त्याच्या मागोमाग दुसरंही आलं, खरं तर पहिल्याहून जास्त घाईने: परुळेकर, हे तुम्ही मलाच का सांगताय? तुमच्या मनात कुणाचं नाव आहे?

लालवानी साहेबांनी पहिल्यांदा विचारलं. मी खाली बघितलं.

दुसऱ्यांदा विचारलं. आता सगळे माझ्याकडे बघायला लागले. मान माझा होता ना, दुसरा कोण उठणार? आणि ऑफिस एक, चूल एक म्हणावी असे आम्ही दोघं — मी गप्प म्हणजे काहीतरी कारण असणार, असंच वाटलं असेल सगळ्यांना. विनायक गप्प? नक्कीच त्याला काहीतरी माहीत आहे. बघा, माझ्या आयुष्यभराच्या बडबडीची किंमत कुणी केली नाही, पण त्या गप्प बसण्यावर मात्र अख्ख्या हॉलचा विश्वास बसला.

तिसऱ्यांदा साहेब ओरडले, ते तुम्ही सुरुवातीला ऐकलंत. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मीही पाहिली. कशाची पाहिली? आणखी कुणी उठेल याची? की कुणी उठणार नाही याची? इतकी वर्षं मी हा प्रश्न उलटासुलटा करून बघितलाय. उत्तर दरवेळी तेच येतं, आणि ते पहिलं नाही.

"ठीक है. नाव पडलं," साहेब म्हणाले. "दूसरा नाम?"

परुळेकरांनी माझं नाव घेतलं. अनुमोदन तर टपकूनच पडलं. आणि मी? मी रीत पाळली. "मी? छे हो, मला कुठे वेळ आहे!" दोनदा म्हणालो. पूर्ण आवाजात. शेवटच्या रांगेपर्यंत जाईल अशा. तिसऱ्यांदा हात जोडून उठलो. हार आणायला सुरेशच गेला, कारण तो सेक्रेटरीच्या टेबलाखाली ठेवलेला होता.

सभा संपल्यावर त्याचे वडील माझ्यापाशी आले. "अभिनंदन, साहेब," म्हणाले. हात हातात घेतला. मी काय म्हणालो? "थँक्यू" म्हणालो.

आणि जिन्यात सुरेश दिसला तेव्हा माझ्या तोंडून आपोआप निघालं — "अरे, पकवानाचा तुकडा घशात अडकला रे! आवाजच फुटेना!" परुळेकर मागे होते, ते लगेच म्हणाले, "मी बघितलं ना, लालबुंद झाला होता." लालबुंद झालो होतो, त्यात खोटं काही नाही. सुरेश हसला. हलकंसं. मग हॉलवाल्याला किल्ल्या द्यायला गेला.

तिथून ती गोष्ट माझी झाली. पहिल्या वर्षी तुकडा नखाएवढा होता, पुढच्या वर्षी विटेएवढा झाला, नंतर तर अख्खा आरसीसी कॉलम घशात उभा राहिला — सळ्यांसकट! लालवानी साहेबांनी पाठीत असा गुद्दा घातला की मला बसल्या जागी अंबरनाथचं शिवमंदिर उलटं दिसलं. "असा मी अध्यक्ष झालो मंडळी, एका पकवानाच्या कृपेने!" लोक खुर्च्यांवरून पडायचे हसून. वार्षिक जेवणाला फर्माईश व्हायची, विनायकराव, पकवान होऊन जाऊ दे. मी पुन्हा निवडून आलो, मग पुन्हा. सुरेशचा नियम दरवर्षी पुढच्या सभेवर ढकलला गेला. ढकलणारा मीच. ऑफिसही मध्येच केव्हातरी वेगळं झालं, भांडण न होता. त्याने बदलापूरला जागा घेतली, सेक्रेटरीपण दुसऱ्याकडे दिलं, एवढंच. जेवणाला तो मागच्या टेबलावर बसून हसतोय, असं मी धरूनच चालत होतो. गोष्ट सांगताना माझी नजर पुढच्या टेबलांवर असायची.

मग कंटाळा आला. कशाचा, ते विचारू नका. नव्वदचं दशकही उताराला लागलं होतं. पालेगावला शेतांतून नव्या सोसायट्या उठत होत्या, तिथल्या एका साइटवर सुरेश भेटला. चौथ्या मजल्यावर, गुडघ्यावर बसून बीमखालची फळी हाताने दाबून बघत होता. केस पांढरे. मी धापा टाकत जिने चढलो, आणि चढताना ठरवलं होतं की आज सांगायचं — पकवान नव्हतं रे, काहीच नव्हतं घशात. वर पोचलो आणि दुसरंच बोललो. मला तेच जमतं.

म्हणालो, "सुरेश, यंदा मी उतरतोय खाली. तुझं नाव घालायचं. अनुमोदन मी देतो, असा ओरडतो की बघच!"

तो उठला. पँटचं सिमेंट झटकलं.

"मी मेंबर नाहीये आता, विनायक. बदलापूरला गेलो, तेव्हाच सोडलं."