दुष्काळात तगलेली दोघं

पुण्याहून निघतानाच मी दमलेली होते. पंचावन्नाला टेकलेली शाळामास्तरीण, तीही नावाला म्हणून मिळालेल्या चार दिवसांच्या सुट्टीत, हौसेनं सोलापूरच्या उन्हात जात नाही. पण आठवड्यापूर्वी भावजयीचा, महादेवीचा, फोन आला होता. ‘‘आक्का, तुमचा भाऊ बांधावर पडला. अर्धा तास उजवा हातच हलंना. डॉक्टरनं बीपीच्या गोळ्या दिल्यात, पर हात लावत न्हाईत. तुमीच या.’’

सिद्राम माझा धाकटा भाऊ. मंद्रूपजवळच्या वस्तीवर राहतो, शेती करतो. निघण्याआधी मी माझ्या डॉक्टरबाईंना त्याच्याबद्दल विचारलं, तर त्यांनी पहिला प्रश्न केला तो जन्मसालाचा. तो बहात्तरच्या दुष्काळात आईच्या पोटात होता, असं म्हटल्यावर त्या गंभीर झाल्या. पोटात असताना किंवा अगदी लहानपणी ज्यांची उपासमार होते, त्यांच्यात पुढे रक्तदाब जास्त आढळतो, असं म्हणाल्या. त्याला गोळ्या सोडू देऊ नका, हे दोनदा बजावलं. मी मान हलवली, पण मनात धडकी भरली. आमची आईही साठी गाठायच्या आतच गेली. अंगावरून वारं गेलं, असं तेव्हा सगळे म्हणाले, आणि आम्ही तेवढ्यावरच थांबलो.

सोलापूर स्टेशनाबाहेर आल्यावर पिशवीतलं बीपीचं यंत्र सुरू करून पाहिलं, तर ते ढिम्म. सेल संपलेले. रिक्षावाल्या चाचांनी माझी खटपट पाहिली. ‘‘अम्मा, सेल होना ना? भवानी पेठ में मिलते, बैठो.’’ पेठेतल्या अरुंद गल्लीत मागांची खडखड चालू होती. कोपऱ्यावरच्या दुकानदारानं सेल घालून दिले आणि यंत्र आधी स्वतःच्याच दंडाला लावून पाहिलं. ‘‘आमच्या घरात तिगांना हाय की बीपी,’’ तो म्हणाला. आतून त्याची बायको तेलुगूत काहीतरी ओरडली. बहुधा चौथी तीच असावी.

मंद्रूपचा आठवडी बाजार नेमका त्याच दिवशी होता. एसटीत मला बसायला मिळालं, पण मांडीवर कुणाची तरी मेथीची पाटी आली. उतरेपर्यंत पाय बधिर झाले होते. फाट्यावर सिद्राम मोटारसायकल घेऊन उभा होता. हसतमुख, उन्हानं रापलेला, आजारी अजिबात वाटेना.

फाट्यापासून वस्तीपर्यंतचा रस्ता आमच्या आईनं केला आहे, असं आम्ही लहानपणी सगळ्यांना सांगायचो. दुष्काळी कामावर तिनं इथली खडी फोडली होती. आता वर डांबर आहे, तेही उखडलेलं. प्रत्येक खड्ड्यात माझी कंबर बोलत होती, आणि पुढं बसलेला हा गडी मात्र मजेत गात होता.

‘‘गोळ्या का घेत नाहीस रे?’’ मी मागून ओरडले.

‘‘मला काय धाड भरलीया? आमी दुष्काळात तगलेली माणसं हाय. दगूड पचीवलाय.’’

ही आमच्याकडची जुनी ऐट. दुष्काळात जन्मून जगलं वाचलं, ते पोर वज्राचं. लग्न ठरवतानासुद्धा लोक हे मोठ्या कौतुकानं सांगायचे. डॉक्टरबाईंचं म्हणणं नेमकं याच्या उलटं होतं आणि ते त्याच्या गळी कसं उतरवायचं, हे मला सुचत नव्हतं.

दुपारी महादेवीनं पानं वाढली. आधी मीठ, मग शेंगाची चटणी, कडक भाकरी, आमटी. जेवताना शेजारच्या काशीमावशी येऊन बसल्या. खडी फोडायला आईच्या जोडीनं असायच्या त्या. जेवण झाल्यावर मी यंत्र काढलं. सिद्रामनं हात पाठीमागं लपवला. ‘‘आदी तुजं बघ की.’’

माझं कशाला, मी तर रोज गोळी घेते, असं म्हणत मी पट्टा बांधला. वरचा आकडा एकशे नव्वद आला. दुसऱ्यांदा लावला, तरी तेवढाच. मग आठवलं, गोळ्यांची डबी पुण्यात जेवणाच्या टेबलावर राहिली होती. निघायच्या गडबडीत कालची राहिली आणि आजचीही, दोन दिवस गोळी नाही. दुसऱ्याला शहाणपण शिकवायला आलेल्या मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

‘‘शाळेचा ताप फार असतो,’’ मी सारवासारव केली. ‘‘माझं काही दुष्काळामुळं नाही. मी तेव्हा वैरागला आजोळी होते.’’

काशीमावशी हसल्या. ‘‘कुटलं आजोळ? तू मागनं गेलीस. तवा दोन वर्साची हुतीस. खडीवर बाभळीला तुजी झोळी बांदायचो. मिलो (रेशनवर मिळणारी परदेशी लाल ज्वारी) तुला पचंना. तुजी आई तिला मिळालेली सुकडी (दुष्काळी कामावर वाटला जाणारा कोरडा, गोडसर खाऊ) तुज्या तोंडात घालायची. पोटात ह्यो, आन तिच्या तोंडाला फकस्त पानी. लई रडायचीस गं. मग तीबी रडायची.’’

पन्नास वर्षं मी सुखरूप आजोळी होते आणि सिद्राम एकटा दुष्काळातला होता. आईनं ते का लपवलं, कोण जाणे. मला रडू आलं, आणि ते लपवायचं बळ माझ्यात नव्हतं.

सिद्रामनं स्वतःहून बाही वर केली. त्याचा आकडा माझ्याहून दोननं जास्त होता. त्यानं पट्टा सोडला. मग उठून किल्ली घेतली. ‘‘चल आक्का, तुजी गोळी आनू.’’

‘‘आणि तुझी?’’

‘‘माजी हाय घरात. तू घेटलीस की घेतो.’’

पुन्हा तोच रस्ता, तेच खड्डे. डॉक्टरबाईंनी फोनवर पाठवलेली चिठ्ठी मेडिकलवाल्याला दाखवली. घरी येऊन आम्ही दोघांनी एकाच तांब्यातलं पाणी पिऊन गोळ्या घेतल्या. महादेवी दारात उभी राहून, दोघांच्याही गिळून होईपर्यंत, पाहत होती.

पुण्याला परतले ती अंग मोडून आलेल्या तापासकट. पण त्या दिवसापासून सकाळी सातला सिद्रामचा फोन येतो. पाऊसपाणी, पोरं, काही नाही. फक्त, ‘‘घेटलीस?’’ मी म्हणते, ‘‘घेतली. तू?’’ तो म्हणतो, ‘‘आता घेतो.’’

आज सकाळी उठवतच नव्हतं. फोन वाजला आणि मी झोपेतच म्हणाले, ‘‘घेतली.’’

पलीकडं तो काही बोलेना. फोनही ठेवेना. मी मुकाट उठले, डबी उघडली, फोन कानाशीच धरून पाण्याचा पेला संपवला आणि टेबलावर ठेवला.

‘‘हां,’’ सिद्राम म्हणाला. ‘‘आता घेटलीस. थांब, मीबी घेतो.’’