आधी मोजा, मग बोला

शालूबाई खोत हिच्या तोंडाला लागायची गगनबावड्याच्या वाटेवरच्या त्या गावात कुणाची छाती नव्हती. एकदा फॅट मोजायचं मशीन बंद आहे म्हणून डेअरीच्या सचिवानं तिच्या म्हशीच्या दुधाला नुसत्या नजरेनं फॅट लावली. बाईनं किटली दारातच मांडली आणि बसली. "डोळ्यानं फॅट दिसती व्हय रं? मग मशीन काय पूजेला आणलंय?" मशीन चालू झाल्यावरच उठली.

अशा बाईला दम लागायला लागला. पाय सुजले, तळवे बधिर पडले, पायातली चप्पल निसटली तरी कळेना. शहरात, राजारामपुरीत, डॉक्टर आदिती चौगुल्यांनी तिच्या पोटाच्या चरबीचा बारका तुकडा काढून तपासला.

"मावशी, शरीरातलंच एक प्रोटीन बिघडून हृदयात, नसांत साचतंय. अशी प्रोटीनं बऱ्याच जातींची असतात. तुमच्या रक्तावरून बहुधा केमो लागणारी जात दिसते."

"बहुधा?" बाईनं तेवढाच शब्द धरला.

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. खात्री करायची तर तुकडा मोठ्या लॅबला पाठवायचा. तिथं साचलेलं प्रोटीन बारीक तोडतात, मशीन एकेका कणाचं वजन घेतं आणि त्यावरून जात ओळखतात. मास स्पेक्ट्रोमेट्री म्हणतात त्याला. "मी तेच सुचवीन. पण निकालाला वेळ लागतो. केमोवालीच जात निघाली, तर गेलेला वेळ महागात पडेल."

"थांबायचं न्हाय, उद्याच केमो चालू करा," लेक कृष्णात म्हणाला. दीर बाळासोनं री ओढली, "डॉक्टरपरास तू शानी व्हय, वहिनी?"

"शानी न्हाय म्हणूनच इचारतोय की! अंदाजानं इख पिऊ व्हय मी? मरायचंच असलं तर कशानं मरतोय त्ये कळूनच मरीन."

तुकडा लॅबला गेला. बाईला भीती वाटत नव्हती असं कोण म्हणेल? गोठ्यापर्यंत जाताना धाप लागली की मनात यायचं, हट्टापायी आपणच आपलं मरण ओढवतोय काय? पण कृष्णातनं केमोचं नाव काढलं की मान नकारार्थीच हलायची.

निकाल आला. केमोवालं प्रोटीन नव्हतंच ते. यकृतात तयार होणारं दुसरंच होतं, त्यातही जन्मजात खोट असलेलं.

"केमोचा काडीचा उपयोग झाला नसता," डॉक्टर म्हणाल्या. "याची औषधं वेगळी. साचलेलं सगळं निघेल असं नाही, पण पुढचं रोखता येईल. मात्र ही खोट आईबापाकडून येते, मुलांतही उतरू शकते."

शालूबाईला आई आठवली. तिच्या आईचेही पाय असेच बधिर पडले होते. आई गेली तेव्हा चुलतीनं, चिमणाबाईनं, करणी केली म्हणत घरानं तिला कायमचं तोडलं होतं. बिचारी एकटीच मेली. बाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

कृष्णात उठला. "मला कायबी झालेलं न्हाय. मी न्हाय तपासून घेणार."

"घाई नाही," डॉक्टर म्हणाल्या. "त्यांना विचार करू द्या."

बाईनं पदरानं तोंड पुसलं आणि लेकाचं मनगट धरलं.

"माझ्या आईचं मरण आमी चिमणाबाईच्या माथी मारलं. केमोनं गुण आला नसता तर माझं तुमी केमोच्या माथी मारणार हुतासा. तुझं कुणाच्या माथी मारू रं?"

कृष्णात खाली बसला. मग त्यानं शर्टाची बाही वर सारून हात डॉक्टरांपुढं केला.