कुणी कळ दाबली नाही तर

पेसामिनो घरजावई होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढे कुणीतरी विचारणार, ‘मग तो उठला का नाही?’ सामोआत घरजावई असण्यात कमीपणा नाही, पण कष्ट पुष्कळ. पहाटे दगडांची भट्टी पेटवायची, अळकुड्या खणून आणायच्या, थोरांची पानं मांडायची, त्यांचं जेवण आटपेपर्यंत मागे बसून माश्या हाकायच्या. बोलायचं ते विचारलं तर. पेसामिनोला तसंही बोलणं कमीच होतं, त्यामुळे त्याचं बरं निभावलं.

मूळचा तो राजधानी आपियाचा, बंदराजवळच्या एका दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. तिथेच एक दिवस मोएलांगी आली. सवाइई बेटावरून, सकाळची बोट पकडून, काखेत चटईत गुंडाळलेला एक डबा घेऊन. डबा कसला, जाड पुस्तकाएवढा छोटा कॉम्प्युटर होता. तिच्या गावच्या महिला मंडळाला कुणीतरी ऑकलंडहून पाठवलेला, आतून पार कोरा.

तिनं तो उलटासुलटा करून दाखवला. “याच्यात तबकडी घालायची म्हणतात. मला तर याला तोंडच दिसत नाही.”

“नाहीच त्याला तोंड,” पेसामिनो म्हणाला.

“मग जेवतो कुठून?”

“नाळेतून.”

ती हसली. त्यानं एक केबल डब्याच्या पाठीत खोचली, दुसरं टोक दुकानातल्या मोठ्या यंत्राला जोडलं. मग समजावून सांगितलं. कोरा डबा जागा झाला की केबलवर हाक मारतो, कुणी आहे का म्हणून. मोठं यंत्र ओ देतं, आधी एक लहानसा घास पाठवतं, तो पचला की मग सगळं जेवण. म्हणून त्या मोठ्या यंत्राला दुकानात सगळे आईच म्हणत.

स्क्रीनवर प्रश्न आला. नवी प्रणाली बसवायची असेल तर कोणतीही कळ दाबा. कुणी कळ दाबली नाही तर डबा आहे तसा सुरू होईल. “दाबा तुम्ही,” तो म्हणाला. तिनं दाबली. बोटाचं नख विस्तवानं काळं पडलेलं होतं, ते त्याला जन्मभर आठवत राहिलं.

त्या दिवशी त्यानं त्या डब्यात दोन गोष्टी लावून ठेवल्या. एक, जागं झाल्यावर सगळ्यात आधी केबलवर हाक मारायची. दोन, गेलेली वीज आली की आपलं आपण जागं व्हायचं, कारण सवाइईला वीज पाहुण्यासारखी येते-जाते. पहिली गोष्ट काम झाल्यावर काढून टाकायची असते. त्यानं काढली नाही. त्याचं लक्ष कुठे होतं ते सांगायला नकोच.

वर्षाच्या आत तो बोटीनं तिच्या गावी गेला आणि तिथलाच झाला. सासरे फोनोती. हे त्यांचं नाव नव्हे, पद. घराण्याचे प्रमुख, गावाच्या सभेत मानाच्या खांबाला टेकून बसणारे. मोठी मेहुणी सालाफाई, नवऱ्याला वैतागून माहेरी परतलेली आणि जिभेला हाड नसलेली. “जावईबापू आणले आमच्या मोएनं,” ती चारचौघींत म्हणायची, “नारळावर चढता येत नाही, पण वायरीला बरे लोंबकळतात.”

मोएलांगी देवळाच्या गायकवृंदात होती. मुख्य चाल गाणाऱ्या बायका ढिगानं मिळतात. खालचा, आधाराचा सूर धरणाऱ्या मिळत नाहीत. तो मोएलांगी धरायची. नव्या बायकांना शिकवायचा म्हणून ती तेवढाच सूर त्या डब्यात गाऊन ठेवायची आणि तालमीला तो लावायची. एकटा ऐकला तर ते गाणं वाटतच नसे. कुणीतरी दुसऱ्याची वाट बघत गुणगुणतंय, असं वाटे. मधेमधे तिचं बोलणंही असे. “इथे श्वास घेऊ नका ग, मी घेतला, मी म्हातारी झाले.” म्हातारी कसली, चाळिशी गाठली नव्हती. मूल झालं नाही. पुढे साखरेनं मूत्रपिंडं खाल्ली, आठवड्यातून तीनदा रक्त धुवायला आपियाला राहावं लागलं, आणि एका पावसाळ्यात ती बोटीतून आली ती पेटीतच. रिवाजाप्रमाणे घरासमोरच्या अंगणात पुरली. वर सिमेंटचा ओटा, ओट्याला पांढरा रंग.

पेसामिनोनं डबा चटईत गुंडाळला आणि तुळईवर ठेवून दिला. एकदाही लावला नाही. आता म्हणाल, कुणाच्या फोनवर नव्हती का ती गाणी? होती एकीच्या, तिचा फोन समुद्रात पडला. बाकीच्यांना वाटलं, डब्यात आहेतच की. माणसं अशीच असतात. मूळ जपलेलं आहे म्हटलं की नक्कल कुणी करत नाही.

बायको गेल्यावर घरजावयानं माहेरी जावं, तर हा राहिला. कारण शाळेत न्यूझीलंडहून जुन्या कॉम्प्युटरांची खोकी आली होती, सगळे कोरे, एकालाही तबकडीची खाच नाही. त्यानं एक आई उभी केली, केबली टाकल्या आणि सगळ्यांना जेवू घातलं. इतक्या यंत्रांपुढे धावत जाऊन कळा कोण दाबणार? म्हणून त्यानं प्रश्न उलटा फिरवला. थोडा वेळ थांबायचं, आणि कुणी कळ दाबली नाही तर जुनं सगळं पुसून नवं बसवायचं. नको असेल त्यानं दाबावी. शाळेत याचं कौतुक झालं. वादळात शाळेचे पत्रे उडाले तेव्हा आईला त्यानं घरी आणलं, मागच्या खांबाजवळच्या टेबलावर, वीज गेली तरी तग धरणाऱ्या मोठ्या बॅटरीसकट.

फोनोती रोज दुपारी लेकीच्या ओट्यावर बसत. डोळे गेल्यात जमा होते; समोरच्याचं तोंड कुठे वळलंय, एवढंच काय ते दिसे. एका दुपारी त्यांनी पेसामिनोला हाक मारली.

“तिचा चेहरा आहे अजून माझ्याकडे,” ते म्हणाले. “आवाज राहिला नाही. काल रात्रभर आठवत होतो. सालाफाईचाच येतो कानात.”

“माझ्या आवाजात काय खोट आहे?” सालाफाई आतून ओरडली.

“काही नाही. मेलो तरी तो विसरता यायचा नाही.” मग आवाज खाली आणून ते म्हणाले, “तू डबा ठेवलायस. मला माहीत आहे. ऐकव मला.”

इतक्या वर्षांत त्यांनी जावयाकडे काही मागितलेलं नव्हतं. कामं सांगितली होती; मागितलं नव्हतं. पेसामिनोनं तुळईवरून चटई उतरवली.

डब्याच्या अंगावरची बहुतेक भोकं समुद्राच्या हवेनं गंजून गेली होती, आवाज बाहेर पडायचं भोकसुद्धा. शाबूत होती विजेची, स्क्रीनची, कीबोर्डची एकेक जागा आणि केबलची. म्हणजे गाणी केबलीतून आईकडे ओढायची आणि तिच्यावर लावायची. काम सोपं. त्यानं डबा आईला जोडला, चालू केला, कळ दाबून ‘पुसू नकोस’ सांगितलं. डबा जुन्या चेहऱ्यानं उघडला. तिची गाणी ओळीनं दिसली. नुसती नावं बघूनच त्याला हात आवरते घ्यावे लागले. एकेक नाव तो पुन्हा वाचत गेला.

तेवढ्यात रस्त्यावर लोखंडी नळकांडं बडवल्याचा आवाज आला. सा सुरू झाली.

सा म्हणजे संध्याकाळची प्रार्थना. ती चालू असताना गावात कुणी चालत नाही. रस्त्यावर गावची दांडगी पोरं उभी असतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवतात. घरात सगळ्यांनी मांडी घालून बसायचं, उठायचं नाही. सा मोडणाऱ्याला सभा दंड करते, आणि सभेत दंड सुनावणारे होते फोनोती.

“या जावईबापू,” सालाफाई म्हणाली. “देवाला वायर लागत नाही.”

तो जाऊन मागच्या खांबापाशी, सासऱ्यांसमोरच्या आपल्या जागी बसला. प्रार्थनेनंतर ओढू, असं त्यानं ठरवलं. गीत झालं. वाचन झालं. फोनोतींनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली, आणि दिवे गेले.

गेले आणि लगेच आले. एरवी कुणी मानही वळवली नसती. पण खांबाजवळ डब्याची लहान हिरवी खूण पेटली, आणि पेसामिनोनं मान वळवली. डबा जागा झाला होता आणि केबलवर हाक मारत होता. आई बॅटरीवर टक्क जागी होती. तिनं ओ दिली. स्क्रीनवर प्रश्न उमटला आणि त्याखाली आकडे उलटे उतरू लागले.

दोन पावलं टाकली असती तरी पुरलं असतं. एक बोट, कोणतीही कळ.

पेसामिनोनं सासऱ्याकडे पाहिलं. फोनोतींनी एक डोळा किंचित उघडला होता. तो त्याच्यावर रोखून परत मिटला. प्रार्थना संपत आली होती. ‘आमेन’च्या आधीचे शब्द येऊन गेले होते. पण म्हातारबुवांनी नव्यानं सुरुवात केली. गावासाठी मागितलं, समुद्रावरच्या माणसांसाठी मागितलं, ज्यांचं मन प्रार्थनेत लागत नाही त्यांच्यासाठी मागितलं. मग लेकीचं नाव घेतलं. तिला शांती मिळो म्हणाले. आकडे संपले. स्क्रीनवर एक पट्टी आली आणि डावीकडून भरत गेली. पेसामिनो मांडी घालून बसला होता, हात मांडीवर, आणि बघत होता.

आमेन झालं. “लाव आता,” फोनोती म्हणाले.

पेसामिनो टेबलापाशी जाऊन उभा राहिला. “मघा वीज गेली ना,” तो म्हणाला. “त्यात पुसलं गेलं.”

“सगळं?”

“सगळं.”

सालाफाई उठली. तिनं पानं मांडली. त्या दिवशी नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं होती, मोएलांगीच्या आवडीची. फोनोतींनी हात लावला नाही, म्हणून कुणालाच लावता आला नाही.

पुसलेलं परत मिळवणारी माणसं असतात. पेसामिनोनं डब्याच्या पोटातली, सगळं साठवणारी तबकडी काढून आपियाला पाठवली. ती परत आली. नव्यानं जुन्यावर लिहिलंय, खाली काही उरलं नाही, असा निरोप आला.

बरेच दिवस गेले. एका दुपारी ओट्यावर बसल्याबसल्या फोनोतींनी विचारलं, “वीज गेली की लगेच पुसलं जातं? का वेळ लागतो?”

खोटं सांगता आलं असतं. “थोडा लागतो,” पेसामिनो म्हणाला.

“थांबवता येतं?”

“येतं.”

“तेव्हा तू कुठे होतास?”

“तुमच्यासमोर.”

म्हाताऱ्याचा हात सिमेंटवरून फिरत होता, रंगाचे पोपडे नखानं काढत. “तू तिकडे बघत होतास,” ते म्हणाले. “मला वाटलं, पोटात कावळे ओरडतायत. म्हटलं, शिकू दे जरा. म्हणून प्रार्थना लांबवली.”

पेसामिनोनं पडलेले पोपडे गोळा केले. त्याला विचारलेलं नव्हतं.

“उठला असतास तर मी काय केलं असतं?”

“दंड.”

“हं,” फोनोती म्हणाले. “केला असता.”

त्यावर दोघांचं परत कधी बोलणं झालं नाही. पेसामिनो भट्टी पेटवत राहिला, पानं मांडत राहिला. शाळेला नवे पत्रे आले तसं आईला परत नेलं. प्रश्न त्यानं पुन्हा सुलटा करून ठेवला. गाण्यांवाचून कोरा झालेला डबा तेवढा, तबकडी परत बसवून, स्क्रीन-कीबोर्डसकट टेबलावर राहिला, केबलीनं कुणालाच न जोडलेला, नुसता विजेवर. का, ते कुणी विचारलं नाही. सालाफाई त्याच्यावरची धूळ पुसायची.

त्यानंतरच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी सा चालू होती. फोनोतींची प्रार्थना अर्ध्यावर आली होती आणि दिवे गेले. गेले आणि आले. खांबाजवळ हिरवी खूण पेटली.

फोनोती थांबले. त्यांना ती खूण दिसणं शक्य नव्हतं. त्या घरात त्यांची प्रार्थना अशी मधे थांबलेली कुणी ऐकलेली नव्हती. सालाफाईनं डोळे उघडून बापाकडे पाहिलं.

“पेसामिनो,” ते म्हणाले, “ऊठ. बघून ये.”

तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. दोघांनाही ते ठाऊक होतं. पेसामिनो उठला. सगळे बसलेले असताना उभं राहायचं म्हणजे काय, हे त्याला पहिल्यांदाच कळलं. तो टेबलापाशी गेला. कोऱ्या डब्यानं हाक मारून पाहिली होती, ओ द्यायला कुणी नव्हतं, आणि आता स्क्रीनवर सवयीची निळी पाटी येत होती. त्यानं एक कळ दाबली, कोणतीही. मग परत येऊन आपल्या जागी बसला.

“ठीक आहे का?” फोनोतींनी विचारलं.

“ठीक आहे.”

म्हाताऱ्यानं मान हलवली आणि प्रार्थना जिथे सोडली होती तिथून पुढे सुरू केली.