आडनाव पाहून दिलेला विषय

दर जुलैत आमच्या कॉलेजात नव्या पोरांचं स्वागत व्हायचं आणि दर जुलैत माझं डोकं उठायचं. सत्तरच्या दशकातली गोष्ट सांगते आहे. नागपूरचा उन्हाळा कॅलेंडरातून गेलेला, पण अंगातून जायचं नाव घेत नाही. हॉलमधले पंखे फिरताहेत की नाही हे मान वर करून पाहावं लागे. समोर कोंबून बसवलेली पहिल्या वर्षाची पोरंपोरी, काही शहरातली, काही सकाळच्या एसटीनं काटोल-उमरेडहून आलेली, सगळ्यांच्या केसांना चोपडून तेल. त्यांना तासभर भाषण ऐकवल्याशिवाय आमचं वर्ष सुरूच होत नसे.

भाषण करायचे आमचे इतिहासाचे विभागप्रमुख. नव्या विद्यार्थ्यांना विषय निवडायला मदत करणारी जी प्रवेश मार्गदर्शन समिती होती, तिचे अध्यक्षही तेच. मी मनातल्या मनात त्यांना अध्यक्षमहाराज म्हणत असे. भाषणाचा शेवट ठरलेला. रुमालानं कपाळ पुसायचं, हात वर करायचा आणि म्हणायचं, "मित्रांनो, या फाटकाच्या आत जात नाही, धर्म नाही, पंथ नाही. इथे फक्त विद्यार्थी आहे!" टाळ्या पडायच्या. मग महाराज व्यासपीठावरून उतरून मार्गदर्शनाच्या टेबलाशी बसायचे आणि रांगेतल्या पहिल्याच पोराला विचारायचे, "नाव सांग. पूर्ण सांग."

त्या 'पूर्ण'वर काय जोर असे, अरे बाप्पा! पोरगं आपलं नाव सांगे, बापाचं नाव सांगे, तोवर महाराज खिडकीबाहेर बघत. आडनाव आलं की मान वळायची. तेवढ्यावर मार्गदर्शन संपलेलं असे. एका तऱ्हेची आडनावं संस्कृतच्या टेबलाकडे, दुसऱ्या तऱ्हेची पालीच्या टेबलाकडे, आणि ज्यांचं काहीच कळत नाही ती राज्यशास्त्राकडे. पोराला काय आवडतं, पुढे काय करायचं आहे, हे विचारायला वेळ कुणाला होता? महाराजांचा हात इतका बसलेला होता की चहा पिता पिता ते वर्गच्या वर्ग वाटून टाकायचे, आणि वर आम्हाला सांगायचे, "मॅडम, अनुभव लागतो."

पालीचे सर बिचारे सज्जन माणूस. कॉलेजातला सगळ्यात चांगला शिक्षक तोच, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. ते एकदा माझ्याजवळ चिडून म्हणाले, "मॅडम, ज्यांना पाली शिकायची आहे ती पोरं द्या ना मला. हे तर जनगणना करून पाठवून राहिले!" पण महाराजांशी वाद घालायचा त्यांचा स्वभाव नव्हता. माझा होता, पण माझी नेमणूक तात्पुरती होती.

मी तर्कशास्त्र शिकवायचे. माझं टेबल जिन्याखाली, पाण्याच्या माठाशेजारी. पोरं माझ्याकडे यायची ती पाणी प्यायला. प्राचार्यांनी त्या वर्षी स्पष्टच सांगितलं होतं की ठरलेला आकडा भरला तर वर्ग, नाहीतर तर्कशास्त्र बंद आणि मॅडम घरी. घरी माझ्यासाठी एक स्थळ दबा धरून बसलेलं होतं. मुलाचा प्रतापनगरला प्लॉट होता. त्याच्याविषयी याहून जास्त काही सांगण्यासारखं आहे, असं आमच्या घरात कुणालाच वाटत नव्हतं. तेव्हा मी माठाशेजारी चिकाटीनं बसून होते, आणि नोंदणीचा शेवटचा दिवस उद्यावर आला तेव्हा माझ्या वर्गाला एक विद्यार्थी कमी होता. एकच!

त्या दुपारी एक मुलगी वडिलांबरोबर आली. वडील रेल्वेत फिटर, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. मुलगी बुटकी, दोन वेण्या, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. महाराजांनी पूर्ण नाव विचारलं. गावावरून पडलेलं, शेवटी 'कर' लागलेलं आडनाव होतं. आमच्या विदर्भात असल्या आडनावांची मोठी गंमत आहे. एका गावातून निघालेले सगळे त्याच गावाचे 'कर', मग ते कुठल्याही घरातले असोत. पण महाराजांना शर्ट दिसला, रेल्वे ऐकू आली, वडिलांनी नमस्काराऐवजी केलेला 'जयभीम' ऐकू आला, आणि त्यांचा अनुभव कामाला लागला.

"पाली," महाराज म्हणाले.

"सर, मले तर्कशास्त्र पाहिजे," मुलगी म्हणाली.

"अगं, तुमचाच विषय आहे तो. सोपा जाईल."

"आमचा कसा काय, सर? मी तर कधी शिकलीच नाही."

रांगेतलं कुणीतरी हसलं. महाराजांनी तिकडे डोळे वटारले. "तर्कशास्त्र घेऊन काय करशील?"

"वकिली कराची आहे मले."

"वकिली!" महाराजांनी हा शब्द असा उच्चारला, जणू तिनं सर्कशीत जायचं म्हटलं होतं. मग वडिलांकडे वळून, आवाज मऊ करून, "हे पाहा, आम्ही तुमच्या भल्याचंच सांगतो," असं म्हणून फॉर्मवर पालीपुढे खूण करून मोकळे झाले.

मी उठले. माझ्या घरच्यांच्या मते मला रागाच्या भरात उठायची वाईट सवय आहे. "सर, ती तर्कशास्त्र मागते आहे, तर्कशास्त्राचा वर्ग आहे, शिकवायला मी बसले आहे. अडचण काय आहे?"

महाराज गालातल्या गालात हसले. "मॅडम, तुमचा वर्ग भरावा म्हणून पोरीचं नुकसान करू नका."

अंगाचा तिळपापड झाला माझ्या! खरं म्हणजे तिची मला गरज होतीच, आणि ते सगळ्या स्टाफरूमला माहीत होतं, म्हणून तर त्या वाक्यानं तोंड बंद झालं. महाराज पुढे नियम सांगू लागले. एकदा खूण झाली की विषय बदलायला आधी अर्ज, मग दोन्ही विभागांची संमती, मग प्राचार्यांची परवानगी, आणि प्राचार्य तर मुंबईला गेलेले. "परवा या," ते म्हणाले. परवा नोंदणी बंद झालेली असणार होती. मुलीनं ते लगेच ताडलं. ती म्हणाली, "मी उद्या येते, सर." आणि वडिलांना घेऊन निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दोघं सकाळपासून महाराजांच्या टेबलासमोरच्या बाकावर येऊन बसली. वडिलांनी सुट्टी टाकली असावी. डबा आणला होता. महाराज त्यांच्या डोक्यावरून पलीकडे बघत काम करत होते. मी माठाशेजारून बघत होते, आणि नुसत्या तिच्याच काळजीनं नाही, हे कबूल करायला लाज कसली? माझी नोकरी त्या बाकावर बसली होती.

दुपारच्या सुमाराला धंतोलीकडचे एक वकीलसाहेब तरातरा आत आले. मागे त्यांचा मुलगा, मान खाली. वकीलसाहेबांनी महाराजांच्या टेबलावर थाप मारली. "आमच्या मुलाला पाली? कुणी दिली? काल रात्री जेवताना हा ताटावर पाली म्हणत होता! आमच्या घरात!"

महाराजांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पोराचं आडनाव तेच होतं, बाकावर बसलेल्या मुलीचं. तेच गाव, तोच 'कर'. पहिल्या दिवशी पोरगं एकटंच आलं होतं, शर्ट चुरगळलेला, पायात स्लीपर, आणि महाराजांचा अनुभव घसरला होता.

"अरे बाप्पा! तुम्ही होय? मला वाटलं..."

"काय वाटलं?"

ते वाक्य महाराजांनी पुरं केलं नाही. चिडले किंवा घाबरले की त्यांची पुस्तकी भाषा गळून पडायची, तशी ती पडली. "होऊन जाते ना साहेब, घाई होती. बसा ना गा, बसा! चहा आणा रे इकडे!"

मुलगा हळूच म्हणाला, "बाबा, मला आवडते आहे. सरांनी टेबलाशीच चार गाथा शिकवल्या, चांगलं शिकवतात."

"तू गप्प बस," वडील म्हणाले. "तू गप्प बस," महाराजही म्हणाले. इतकं एकमत मी आमच्या कॉलेजात पुन्हा पाहिलं नाही. पोराची पाली खोडली, अर्थशास्त्र लिहिलं, सही ठोकली. अर्ज नाही, संमती नाही, मुंबईहून प्राचार्य नाहीत. चहा यायच्या आत काम झालं. पालीचे सर शेजारच्या टेबलावरून बघत होते. त्यांना मनापासून पाली आवडणारा विद्यार्थी मिळाला होता, आणि तो त्यांच्या डोळ्यांदेखत गेला. त्यांनी चष्मा काढून उगाचच बराच वेळ पुसला.

तेवढ्यात मुलगी बाकावरून उठली आणि टेबलाशी आली.

"सर, याचं कसं काय बदललं?"

"त्यांचं वेगळं आहे."

"काहून वेगळं? आडनाव तर एकच आहे आमचं. आडनाव पाहून दोघांले पाली दिली तुम्ही. आता त्याची काढली तर माझी काहून राहते? एकतर दोघांची ठेवा, नाहीतर दोघांची काढा."

वकीलसाहेब चहाचा कप तोंडाशी नेता नेता थांबले. शपथेवर सांगते, माझ्या साऱ्या नोकरीत इतका बिनचूक युक्तिवाद मी वर्गात ऐकला नाही, आणि हिनं अजून माझा एक तासही ऐकला नव्हता. मला तिथल्या तिथे टाळी द्यावीशी वाटली.

महाराज लालपिवळे झाले. "लहान तोंडी मोठा घास घेऊन राहिली तुमची पोरगी! समजवा तिले!" ते वडिलांवर खेकसले.

वडील उठले. हात जोडले नाहीत, आवाजही चढवला नाही. "साहेब, छप्पन साली दीक्षाभूमीवर आमी काय घ्याचं ते आमचं आमी ठरवलं. तवाही लई लोक समजवाले आलते. आता हिनं कोनता विषय घ्याचा ते हिले ठरवू द्या."

महाराज नुसते पेनचं टोपण काढत-घालत राहिले. वकीलसाहेबच शेवटी वैतागून म्हणाले, "अहो, देऊन टाका की, माझी तारीख आहे कोर्टात." तेव्हा कुठे सही झाली. पोरीच्या म्हणण्यावर नव्हे, बापाच्या म्हणण्यावर नव्हे, वकिलाच्या तारखेपायी! मला इतका संताप आला होता की मुलगी माझ्या टेबलाशी आली तेव्हा मला धड हसताही येईना. तिनं आधी माठातलं पाणी प्यायलं, मग म्हणाली, "झालं ना, मॅडम, तुमचं पूर्ण?"

झालं. वर्ग सुरू झाला, मी टिकले, प्रतापनगरचा प्लॉट दुसऱ्या कुणाच्या तरी नशिबी गेला. मुलीनं मला वर्षभर सळो की पळो करून सोडलं. फळ्यावर उदाहरण लिहिलं की हिचा हात वर. आणि परीक्षेत ती तर्कशास्त्रात कॉलेजात पहिली आली.

पुढच्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात बक्षिसं द्यायची होती. बक्षीस समितीचे अध्यक्ष कोण? दुसरं कोण असणार! महाराजांनी ध्वनिक्षेपक हातात घेतला, रुमालानं कपाळ पुसलं आणि सांगितलं की या मुलीतला गुण आपण पहिल्याच दिवशी हेरला होता आणि तिला योग्य मार्गदर्शन केलं होतं. मी पालीच्या सरांकडे पाहिलं. ते छताकडे पाहत होते. महाराज पुढे म्हणाले की प्रत्येकाच्या आवडीनिवडीचा विचार करून आपण स्वतः पुस्तकं निवडली आहेत. टाळ्या.

मुलगी व्यासपीठावर गेली, पुस्तक घेतलं, खाली उतरता उतरता तिनं कागद फाडला. पहिल्या रांगेतून मला मुखपृष्ठ स्पष्ट दिसलं. पालीचं व्याकरण होतं ते. तर्कशास्त्रात पहिली आल्याबद्दल!

मला वाटलं, आता ही रडणार, नाहीतर उलट वर जाऊन महाराजांच्या अंगावर ते पुस्तक फेकणार. मी असते तर फेकलंच असतं. ती पायरीवर क्षणभर थांबली. मग पोरांच्या रांगांमध्ये शिरली, गुडघ्यांमधून वाट काढत पार मागे गेली. तिथे तो वकिलाचा मुलगा बसला होता. अर्थशास्त्रात कसाबसा पास झालेला, कोमेजलेला. तिनं पुस्तक त्याच्या मांडीवर ठेवलं.

"घे गा," ती म्हणाली, इतक्या खणखणीत आवाजात की ध्वनिक्षेपकाची गरज पडली नाही. "तुझं आहे हे. आडनाव एकच आहे ना आपलं, चुकून माझ्याकडे आलं."