मोटारीच्या टपावरचं बिऱ्हाड

आमच्या लग्नाला तीन महिने झाले होते आणि त्यातले जेमतेम अकरा दिवस आम्ही एका छपराखाली काढले होते. मी बांधबंदिस्तीच्या खात्यात ओव्हरसियर होतो. शिरूर तालुक्यातल्या माळांवर उतार मोजायचा, उताराला आडवे मातीचे बांध घालून घ्यायचे, पावसाचं पाणी रानातच अडवायचं, हे माझं काम. दिवाळी झाली की तंबू घेऊन निघायचं ते थेट पावसाच्या तोंडाशी परतायचं. बायकोचं माहेर दौंड तालुक्यात, यवतला. कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकवणारं खातंपितं घर. "कॅम्पात मोठी मजा असते," असं सांगून मी तिला एकदा केंदूरच्या माळावर आणलं, तर दुसऱ्याच सकाळी तिच्या उशाखालून विंचू निघाला. ती किंचाळली वगैरे नाही. तिनं चप्पल घेतली, विंचू मारला, पिशवी भरली आणि मला म्हणाली, "भुईवर मी न्हाई झोपायची. दुसरी कायतरी सोय झाली तर कळवा. न्हाईतर तुमची बदली हापिसात होईस्तवर मी यवतलाच बरी."

ऑफिसातली बदली मिळायला माझ्यासारख्याला पाच-सहा वर्षं तरी लागणार होती. म्हणजे आमचा संसार सुरू होणार की नाही, हे आता झोपायच्या जागेवर येऊन ठेपलं होतं.

मी तसा डोक्यानं गरम. एखादी गोष्ट होणार नाही असं कुणी म्हटलं की मला ती करून दाखवल्याशिवाय चैन पडत नाही. खात्यानं आम्हाला लष्कराच्या लिलावातली एक जुनी मोटार दिली होती, चारी बाजूंनी बंद, पत्र्याच्या डब्यासारखी. तिच्या टपावर सामान बांधायची लोखंडी जाळी होती. एका दुपारी त्या जाळीकडे बघता बघता माझ्या डोक्यात आलं, की विंचू काही मोटारीवर चढायचा नाही. तंबू जमिनीवरच ठोकला पाहिजे असं सरकारनं तरी कुठं लिहून ठेवलंय?

आमचे ड्रायव्हर शिरूरचेच. त्यांच्या आजोबांचा तिथं टांगा होता, वडिलांची उतारू नेणारी सर्व्हिस मोटार. सगळा कॅम्प त्यांना चाचा म्हणायचा. माझा बेत ऐकून त्यांनी मोटारीभोवती एक फेरी मारली.

"साहेब, ही गाडी हाय का माडी?"

"दोन्ही, चाचा."

"रोज सकाळी मला मजूर आणायचं असत्यात, पाण्याची पिपं आणायची असत्यात. गाडी निघाली म्हंजी तुमचं घर बी निघालं की."

"सकाळी घडी घालून ठेवायची. पाच मिनिटांचं काम."

"पाच मिंटं तर निस्ती शिडी सोडाया लागत्याल," चाचा म्हणाले आणि बिडी पेटवून बाजूला झाले.

पुढचे सगळे रविवार मी त्या टपावर काढले. खोक्यांच्या फळ्या जोडून जाळीवर पाट बसवला. त्याचा अर्धा भाग बिजागरीवर, म्हणजे उघडला की मागं बाहेर निघणार आणि खालून दोन वाशांवर टेकणार. खात्यानं बाद ठरवलेल्या तंबूचं कापड शिरूरच्या बाजारात मोटारींचे टप शिवणाऱ्या कारागिराकडून बेतून घेतलं. केंदूरच्या सुतारानं शिडी करून दिली. सगळं उभं राहिलं तेव्हा मला एवढा आनंद झाला की मी स्वतःच दोनदा वर जाऊन आलो. मग यवतला पत्र टाकलं.

ती आली माघात. मेव्हणा पोचवायला आला होता. "चार दिसांनी न्यायला येतो," असं सांगून तो परत गेला. त्या चार दिवसांत काय ते ठरणार होतं.

संध्याकाळी ती पदर खोचून शिडी चढायला लागली, तशा बांधावर कामाला आलेल्या बायका मातीच्या पाट्या खाली ठेवून बघत उभ्या राहिल्या. त्यातली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "अगं बया, सायबानं नवरी माळ्यावर ठिवली!" सगळा माळ हसला. बायकोही हसली, त्यामुळे मला धीर आला. वर जाऊन ती अंथरुणावर आडवी झाली, आणि मी खालून बघतोय तर गादीसकट हळूहळू एका अंगाला सरकतेय.

"अवो, मी चालले खाली!"

दिवसभर उतार शोधत हिंडणारा माणूस मी. आमचा कॅम्पच मुळी उतारावर असायचा, आणि मोटार सपाटीवर लावायची एवढं माझ्या ध्यानात आलं नव्हतं. चाचा नुसते माझ्याकडं बघत होते. मला राग आला, तो त्यांचा की माझा हे आता सांगता येणार नाही. मी तिपाई काढून वरच्या चढावर मांडली, तिच्यावर पातळी बघायची दुर्बीण चढवली, चाचांच्या हातात खुणांची उंच पट्टी देऊन त्यांना टपाच्या चारी कोपऱ्यांवर एकेक करून उभं केलं. शेकडो एकर रानांचा उतार ज्या दुर्बिणीनं काढला, तिनंच त्या संध्याकाळी बायकोच्या अंथरुणाचा उतार काढला. साडेचार इंच निघाला. डाव्या अंगाच्या दोन्ही चाकांखाली चपटे दगड सारून तो मोडला, तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या.

चाचा एरवी मोटारीत झोपायचे. त्या दिवशी त्यांनी वळकटी उचलली आणि पार ओढ्यापलीकडच्या आंब्याखाली नेली. "मी लई घोरतो, साहेब," म्हणाले. इतक्या दिवसांत त्यांचं घोरणं मी एकदाही ऐकलं नव्हतं.

त्या रात्रीचं काय सांगायचं? जमिनीवर वारा नावालासुद्धा नव्हता आणि टपावर कापड फडाफडा वाजत होतं. फळ्यांच्या फटींतून थंडी पाठीत शिरत होती. दोघांतल्या कुणी नुसती कूस बदलली तरी मोटार स्प्रिंगांच्या पाट्यांवर डुलायची आणि कुरकुरायची, की मग आम्ही दोघंही श्वास धरून पडायचो. मला वाटलं, संपलं. ही आता यवतला जाणार.

उजाडताच मी खाली उतरलो आणि वाशांच्या दोऱ्या सोडायला लागलो. गाठी थंडीनं आवळल्या होत्या. एक सुटेना तशी मी ती कोयत्यानं तोडली. ती वर, घोंगडं पांघरून, पाटाच्या कडेला बसली होती.

"राग गाठीवर काढू नका," ती म्हणाली.

"सांगून टाक ना, नाही चालत म्हणून! वारा आहे, थंडी आहे, गाडी हलते. रोज उतरवायचं, रोज चढवायचं. मला दिसतंय सगळं. भावाला आजच निरोप धाडतो."

"तंबू न्हाईच चालत," ती शांतपणे म्हणाली. "बिनकामाचा हाय. पर भुईवर न झोपायला येवढा पसारा कशाला पायजे? बाज न्हाई का मिळत ह्या गावात? पायांखाली पाण्याचं डबडं ठिवलं की इंचू बी न्हाई आन् मुंगी बी न्हाई."

मी कोयता खाली ठेवला. बाज! केंदूरच्या प्रत्येक अंगणात एक तरी पडलेली असते. तेवढी मला सुचली नव्हती.

"मग हे काल का नाही सांगितलंस?"

"तुम्ही येवढं राबला हुता. येक रात तरी झोपून बघावं म्हटलं." मग तिनं माझ्याकडं सरळ बघितलं. "आन् दुसरं बी बघायचं हुतं. तुमचं पत्र आलं, त्यात फळ्या किती, बिजागऱ्या किती, शिडीला पायऱ्या किती, समदं हुतं. मी यावं म्हणून कुठंच न्हवतं. काल दिसभर वाट बघितली. तवा बी तुम्ही दुर्बिणीतनंच बघत हुता."

बरोबर होतं तिचं. तीन महिन्यांत मी तिला एकदाही तसं म्हटलं नव्हतं. एवढी खटपट केली म्हणजे तिला कळतंच असणार, असं मी धरून चाललो होतो. ओढ्याकडून चाचा चहाची किटली घेऊन येत होते, पलीकडून केंदूरच्या पायी येणाऱ्या मजुरांचे आवाज यायला लागले होते आणि माझे कान तापले होते.

"राहा इथं," मी म्हणालो. ते तिला ऐकू गेलं नसावं असं वाटून पुन्हा मोठ्यानं म्हणालो, "राहा. तू नसलीस की मला इथं करमत नाही."

चाचा होते तिथूनच, किटलीसकट, माघारी वळले.

ती वर बसून पाय हलवायला लागली. मग म्हणाली, "मग बाज मागवा. जरा रुंद बघून."