डावीकडे वळणारा टँक

माझ्या लग्नाला तीन वर्षं झाली त्या साली आमच्या घरी रणगाडा तयार झाला. रणगाडा हा शब्द तेव्हा आमच्या कानावर आलेला नव्हता. यजमान टँक म्हणत. सासरे ट्यांक म्हणत. शेजारी तेलुगू विणकरांचं घर होतं, तिथल्या बाईंनी तो शब्द ऐकला आणि त्या कौतुकानं विचारायला आल्या, "टाकी करताय म्हणे. किती घागरी बसतील?"

"एकही नाही," मी म्हटलं. "लढाईची आहे."

बाईंनी शेडमध्ये डोकावून पाहिलं. सोलापुरात नळाला पाणी घटकाभर येई, आणि आमच्याकडे एवढा पत्रा पाण्याच्या कामी येणार नव्हता. त्या निघून गेल्या.

यजमान एका गिरणीत फिटर होते. घरामागं पत्र्याची शेड होती. तिच्यात ऐरण, भाता, शेगडी आणि भिंतीला कानशी. सुट्टीचा दिवस ते तिथंच घालवत. टँकच्या आधी त्यांनी पायानं फिरवायचा पंखा केला होता. वारा चांगला लागे, पण पाय मारणाऱ्याला इतका घाम येई की वारा पुरत नसे. मग गिरणीतल्या साहेबानं टाकून दिलेल्या एका इंग्रजी मासिकात त्यांना टँकचं चित्र सापडलं. चित्र कापून त्यांनी शेडच्या खांबाला डकवलं आणि मला म्हणाले, "तीन हात लांब. वाफेवर चालणारा."

मी विचारलं, "कशासाठी?"

"चालेल म्हणून," ते म्हणाले.

माझे वडील जेऊरच्या स्टेशनात रुळांचे सांधे बदलणारे पॉइंट्समन होते. लोखंड चालतं हे मी जन्मापासून पाहत आले होते, त्यामुळे या उत्तरात मला काही वावगं दिसलं नाही. पुढच्या सुट्टीला त्यांनी न्हाणीघरातला तांब्याचा बंब कापला आणि त्याच्या तांब्यातून बॉयलर करायला घेतला. तेव्हापासून आम्ही पातेल्यात पाणी तापवू लागलो.

सासरे मोठ्या लढाईला जाऊन आलेले. लढले नव्हते, खेचरांच्या पलटणीत होते, फ्रान्सात, दारूगोळ्याची खोकी वाहून न्यायला. परत आल्यापासून त्यांनी त्या मुलखाबद्दल फक्त दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, तिथं थंडी फार. दोन, तिथला चिखल आपल्या काळ्या रानासारखाच, पण वाळत नाही. याहून जास्त कुणी विचारलं तर ते उठून मारुतीला जात.

एके दिवशी ते शेडच्या दारात उभे राहिले. खांबावरचं चित्र त्यांनी पाहिलं, मग यजमानांनी कापलेला पत्रा पाहिला.

"ह्यो ट्यांक न्हाय," ते म्हणाले.

"आबा, चित्रात असाच आहे," यजमान म्हणाले.

"चित्र काडणारा तितं व्हता का?"

यजमान कानस घासू लागले. त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं बंद झालं. म्हणजे दोघं शेडमध्येच बसत, पण माझ्याशी बोलत. सासरे म्हणत, "सूनबाई, त्याला सांग, ट्यांकचं नाक लई वर असतं. पट्टा डोक्यावरनं फिरतो." मी मान वळवून ते सांगे. यजमान म्हणत, "त्यांना सांग, ते जुनं मॉडेल. हे नवं आहे." मी परत मान वळवून तेही सांगे. दोघांनाही ऐकू चांगलं येत होतं.

चार महिन्यांत चित्रातला टँक उभा राहिला. बुटका, पुढून बसका, वर एक गोल मनोरा. पट्ट्यांच्या कड्या मी रॉकेलच्या डब्यांच्या पत्र्यातून कापल्या होत्या. दुहेरी दुमडून, मध्ये तार ओवून. वाफ धरली आणि टँक परसात चालू लागला. खरोखर चालला. यजमान त्याच्या बाजूनं चालत होते, वेग साधारण देवळात प्रदक्षिणा घालणाऱ्या म्हाताऱ्याचा. डाव्या पट्ट्याचा ब्रेक लागे, उजव्याचा लागत नसे, म्हणून टँक फक्त डावीकडे वळे. उजवीकडे जायचं असलं तर तीनदा डावीकडे वळावं लागे. यजमानांना ते चालण्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासऱ्यांनी कुदळ घेतली आणि परसात चर खणायला सुरुवात केली. आमच्या घरात खणणाऱ्या माणसाला कारण विचारायची पद्धत नव्हती. हातभर रुंद चर खणून त्यांनी सगळी माती पलीकडच्या काठावर टाकली आणि फावड्यानं थापून बसवली. मग हात धुतले आणि ओट्यावर बसून राहिले.

यजमान गिरणीतून आले. त्यांनी चर पाहिला, काय ते समजले, आणि चहासुद्धा न घेता शेगडी पेटवली.

टँक चरापर्यंत गेला, पुढं झुकला, आणि पलीकडच्या मातीत नाक खुपसून थांबला. पट्टे फिरत राहिले आणि माती उडत राहिली. विणकर बाई कुंपणापाशी येऊन पाहत होत्या. यजमानांनी वाफ सोडली. फुस्स असा मोठा आवाज झाला.

"सूनबाई," सासरे म्हणाले, "त्याला सांग, नाक वर पायजे."

मी सांगायला वळले. यजमान म्हणाले, "ऐकलं." मग ते जाऊन सासऱ्यांसमोर उकिडवे बसले. "आबा, किती वर?"

सासऱ्यांनी मातीत बोटानं आकृती काढली. चौकोन एका बाजूला कलवावा तशी. यजमानांनी ती कोळशानं ओट्यावर उतरवून घेतली. त्याच संध्याकाळी चित्रातला टँक खोलायला सुरुवात झाली.

नव्या टँकच्या दोन्ही बाजू रिव्हेट मारून जोडायच्या होत्या. रिव्हेटला दोन माणसं लागतात. एकानं आतून लोखंडाचा ठोकळा दाबून धरायचा, दुसऱ्यानं बाहेरून रिव्हेटचं डोकं ठोकून गोल करायचं. यजमानांची घाई असे, त्यांच्या हातून पत्र्याला पोचे पडत. म्हणून त्यांनी ठोकळा धरला आणि हातोडी माझ्याकडे आली. मला कसली घाई नव्हती. एका रिव्हेटला सात ठोके, शेवटचे दोन हलके. आठवड्याभरात माझी डोकी गिरणीतल्यासारखी गोल येऊ लागली. यजमान त्यांच्यावरून अंगठा फिरवत आणि काही म्हणत नसत. ते काही म्हणाले नाहीत की काम चांगलं झालं असं समजायचं.

यजमान पाळीला गेले की मी सुटे तुकडे ऐरणीवर घेऊन बसे. सासरे शेजारी स्टूल टाकून बसत. एके दुपारी मी ठोकत असताना ते आपणहून बोलू लागले. म्हणाले, माज्याकडं दोन खेचरं व्हती. एक काळं, एक मळकं. रस्ता चिखलाचा, दोन्हीकडं मेलेली झाडं, आणि मागनं पाच ट्यांक आले.

मी हातोडी थांबवली. तेही थांबले. मी पुढं ऐकायला त्यांच्याकडे पाहत राहिले, तर ते स्टुलावरून उठू लागले. मी पटकन दुसरी रिव्हेट बसवून ठोकायला लागले, आणि ते परत बसले. मग मला कळलं. ठोकणं चालू असलं की त्यांना बोलता येई. त्या दुपारी मी गरज नसलेल्या कितीतरी रिव्हेट ठोकल्या.

ट्यांकच्या आवाजानं काळं खेचर चिखलात बसलं, ते म्हणाले. उठंना. पाठीवर खोकी तशीच. वरचा साहेब म्हणाला, दोर काप, खोकी घे, पुढं चल. मी दोर कापला. ट्यांकला वळायला जागा न्हवती. पहिल्या ट्यांकच्या डायवरानं टोपणातनं डोकं काडलं, माज्याकडं बघितलं, आन डोकं आत घेतलं.

"मग?" मी ठोकत विचारलं.

"मग ट्यांक पुढं गेला की."

मी खाली मान घालून ठोकत राहिले. डोळ्यांत पाणी आलं आणि एक ठोका अंगठ्यावर बसला. सासऱ्यांनी उठून हळद आणली, चिंधी बांधली, आणि म्हणाले, "बघून मारावं." तेवढं होऊन विषय संपला. यजमानांना मी ते पुष्कळ दिवसांनी सांगितलं. ते म्हणाले, "मला कधी सांगितलं नाही." मी म्हटलं, "तुम्ही कानस घासता. कानशीचा आवाज पुरत नाही."

नवा टँक चर ओलांडून गेला. नाक मातीवर चढलं, मागचा भाग उचलला, आणि धप्पकन पलीकडे पडला. सासरे ओट्यावरून उठले नाहीत, पण त्यांनी पगडी काढून मांडीवर ठेवली.

त्या हिवाळ्यात गड्ड्याच्या जत्रेच्या सुमाराला गावात शेती आणि उद्योगाचं एक प्रदर्शन भरलं होतं. यजमानांनी टँक बैलगाडीतून नेला. नोंदणीच्या टेबलावर कारकुनानं विचारलं, "विभाग कोणता?" त्याच्याकडे कापड, मातीकाम, लाकूडकाम आणि शेतीची अवजारं एवढेच विभाग होते. त्यानं टँकचे पट्टे पाहिले आणि लिहिलं, शेतीची अवजारं.

तीन दिवस आम्ही नांगर आणि मोटांच्या मध्ये उभे होतो. लोक विचारत, "ह्यो काय करतो?" सासरे सगळ्यांना एकच उत्तर देत, "पलीकडं जातो." दुसऱ्या दिवशी एक गोरा साहेब आला. त्यानं टँकभोवती एक फेरी मारली. मग त्यानं मोडक्या हिंदुस्थानीत सासऱ्यांना विचारलं, "कहाँ देखा?" सासऱ्यांनी एका गावाचं नाव सांगितलं. मला ते कोथिंबिरीसारखं ऐकू आलं. साहेबाला मात्र समजलं. त्यानं टँकच्या कुशीकडे बोट दाखवून म्हटलं, इथं दरवाजा असतो. सासरे म्हणाले, मागं असतो. साहेब म्हणाला, कुशीत. सासरे म्हणाले, मागं. साहेब जरा विचारात पडला, मग म्हणाला, "शायद." दोघं तिथंच बाकावर बसले आणि साहेबानं त्यांना सिगारेट दिली. काय बोलले ते मला माहीत नाही.

आम्हाला शेतीच्या अवजारांत दुसरं बक्षीस मिळालं. पहिलं तण काढायच्या एका कोळप्याला मिळालं, आणि ते योग्यच होतं.

शेवटच्या दिवशी करकंबचा एक ऊसवाला आला. टँक चालतो की नाही यात त्याला रस नव्हता. खाली बसून तो पत्र्याच्या जोडावरून बोट फिरवत राहिला.

"ह्या रिव्हेट कुणी मारल्या?"

यजमानांनी माझ्याकडे बोट केलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, परत जोडाकडे पाहिलं.

"माजी गुळाची काहील गळतीया," तो म्हणाला. "दोन लोहार करून झालं. तुमी याल का?"

यजमान म्हणाले, "तिला विचारा." त्यानं मला विचारलं. मी सासऱ्यांकडे पाहिलं. ते म्हणाले, "जा की. हातोडी आपली घिऊन जा."

पंधरा दिवसांनी आम्ही तिघं करकंबला गेलो. उसाचा रस कढवायची ती काहील अंगणाएवढी होती. ती पालथी घातली होती आणि यजमान तिच्याखाली शिरून ठोकळा धरून बसले. मी वरून ठोकत होते. गुऱ्हाळावरची माणसं ऊस सोडून बघायला जमली. सासरे चिपाडाच्या ढिगावर बसले होते, हातात रसाचा तांब्या. जुन्या रिव्हेट काढून नव्या घालायला दिवस गेला. मग काहील सरळ केली, तिच्यात पाणी भरलं, आणि सगळे खाली वाकून बघत राहिले. एक थेंब आला नाही.

पुढच्या हंगामात त्या ऊसवाल्याच्या भावाची काहील माझ्या हातोडीखाली आली, आणि त्याच्या पुढच्या हंगामात तीन.