ऑल्डरसनसाहेबांचा गडगा

मुनाफ परकार आखातातल्या दुखानच्या तेल वसाहतीत ऑल्डरसनसाहेबांचा खानसामा होता. पण साहेबांचा जीव त्याच्यावर जडला तो गडग्यामुळे. १९५६च्या उन्हाळ्यात वाऱ्याने बंगल्याच्या आवारात वाळूचे ढीग घातले. तेव्हा मुनाफने चुनखडीचे दगड गोळा केले आणि रत्नागिरीकडे आंब्याच्या बागेभोवती असतो तसा गडगा रचला. ना माती, ना चुना. खाली थोराड दगड, वर लहान, फटींत चिपा.

साहेब त्यावर हात फिरवत उभे राहिले. मोडक्या हिंदीत म्हणाले, "कोणी शिकवलं?"

"बापाने."

"मलाही बापानेच."

साहेबांचं गाव थॉर्नगिल. उत्तर इंग्लंडच्या डोंगरातली चार घरांची वाडी. मेंढ्या, धुकं आणि माथ्यापर्यंत चढत गेलेले असेच गडगे. मग दर शुक्रवारी दोघे मिळून गडगा पुढे नेऊ लागले आणि साहेब वाडीचं सांगू लागले. बापाच्या वरच्या कुरणाची भिंत ढासळली होती, पोरं गिरण्यांत गेली होती, दगडाला हात लावणारा कोणी उरला नव्हता. "तू ये मुनाफ. आपण दोघे उभी करू." पाहुण्यांपुढेही ते हे म्हणत.

चार माणसांदेखत दिलेली जबान, असं मुनाफने धरलं.

कंपनीतला कारकून जहूर त्याच्याच गावचा. तो म्हणायचा, "मुनाफभाई, साहेबाचं 'ये' म्हणजे पुण्याचं 'जेवून जा'."

"आमच्यात जेवून जा म्हटलं की ताट मांडतात," मुनाफ म्हणायचा.

१९६१ साली साहेब निवृत्त व्हायचे होते. त्याच हिवाळ्यात मुनाफच्या मुलीचा, हजराचा, निकाह ठरला. रजा मिळत होती. पण आपण गावी असताना साहेब निघून गेले तर? बापाच्या जागी त्याने धाकट्या भावाला, अबूबकरला, उभं राहायला सांगितलं. गावाहून आलेल्या माणसाकरवी जैतूनने नवऱ्याला एवढंच कळवलं : "साहेबाची भिंत पडलीय म्हणे. इथली कौलं कोण फिरवणार, तेही साहेबालाच विचारा."

साहेबांच्या निघण्याच्या दिवशी मुनाफ लोकरीचा कोट अंगात घालून, पत्र्याची ट्रंक घेऊन मोटारीपाशी उभा राहिला. कोट त्याने दोह्याच्या बाजारातून आणला होता. उन्हात पाठ भिजून गेली होती.

साहेबांनी ट्रंक पाहिली. "वा, तूही सुट्टीवर निघालास? फार छान. घरच्यांना सलाम सांग."

"जी साहेब," मुनाफ म्हणाला. त्याने साहेबांच्या बॅगा मोटारीत चढवल्या. ट्रंक खालीच राहिली.

नवा साहेब लंडनचा. त्याला मोटारीसाठी छप्पर हवं होतं आणि गडगा आड येत होता. मुनाफ एकटाच उतरवायला बसला. जहूर म्हणाला, "राहू दे, मुनाफभाई. मजूर येतायत उद्या."

"ते मधलाच दगड ओढतील आणि पायावर घेतील. वरून काढायचा असतो."

संध्याकाळपर्यंत जमीन सपाट झाली. हात धुऊन मुनाफने चहा नेला. नवा साहेब खूश होता. "मुनाफ, कधी इंग्लंडला आलास तर आमच्याकडे नक्की ये हं."

"साखर किती, साहेब?" मुनाफने विचारलं.